टाकाऊ लाकडापासून उष्णता आणि वीज: वखारीत येऊन लोक जे विचारतात ते सगळे प्रश्न

आमची वखार बेळगावात, खानापूर रोडला. ओंडका मशीनवर चढला की त्यातला साधारण निम्माच माल फळी-रीप होऊन बाहेर पडतोय, उरलेलं सगळं फळकुटं, तुकडे, साल आणि भुसा. हा ढीग बघून येणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, "काय ओ, एवढं लाकूड असंच पडलंय, ह्याच्यावर लाईट करता येत नाही काय?" येते की. पण हो म्हटल्यावर पुढचे वीस प्रश्न येतात आणि तेच तेच सांगून माझा घसा बसलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतोय. मी इंजिनिअर नाही, वखारवाला आहे, हातानं केलंय आणि पैसे घालवून शिकलोय तेवढंच सांगणार.

टाकाऊ लाकूड म्हणजे काय काय धरायचं?

वखारीतली फळकुटं आणि भुसा, सुताराकडच्या रंध्याच्या सालप्या, उद्यमबाग-मच्छेकडच्या कारखान्यात मशिनरीबरोबर येणारी पॅकिंगची लाकडं, जुन्या घराचे वासे-रिपा, आंबा-फणसाच्या छाटलेल्या फांद्या, बांधावरच्या ग्लिरिसिडिया-सुबाभळीच्या काड्या. उसाचं चिपाड आणि भाताचं तूस पण लोक ह्यातच मोजतात, पण त्यांची तऱ्हा वेगळी आहे, तुसात तर वीसेक टक्के राखच असते आणि लाकडात एक-दोन टक्के. चूल असो नाहीतर भट्टी, हा फरक पहिल्या दिवशीच कळतो, राख काढून काढून हात दुखतात.

काजूचं टरफल वेगळं ठेवा. चंदगड-खानापूरकडं काजूचे कारखाने झालेत, टरफल मिळतं आणि पेटतं पण जोरात, पण त्यातल्या तेलाचा धूर डोळ्याला आणि कातडीला वाईट. तिथल्या बॉयलरला ते चालतं कारण तिथं तशी भट्टी आणि उंच चिमणी असते. घरच्या चुलीत घालू नका.

पहिलं काय करायचं, वीज की उष्णता?

उष्णता. ह्या एका प्रश्नाचं उत्तर नीट वाचलं तर बाकीचे निम्मे प्रश्न विचारायची गरज नाही.

हिशोब असा की वाळलेल्या १ किलो लाकडात साधारण ३,५०० किलोकॅलरी असतात. १ युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजे कागदावर १ किलो लाकडात ४ युनिट वीज लपलेली आहे. पण गॅस करून इंजिनातून काढायला गेलात तर हातात पाऊण युनिट पडतं, बाकी सगळं सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून गरम हवा होऊन निघून जातं. तेच लाकूड चांगल्या बंद भट्टीत जाळून पाणी तापवलं तर निम्म्याहून जास्त उष्णता कामाला येते. तुमच्याकडं रंगाईचं पाणी तापवायचं असेल, काजू उकडायचा असेल, दूध आटवायचं असेल, हॉस्टेलच्या पोरांना आंघोळीचं पाणी द्यायचं असेल, तर त्या लाकडापासून वीज करून परत त्या विजेवर गिझर लावणं म्हणजे दूध विकून ताक घेणं.

वीज कुणी करावी? ज्याच्याकडं लाकूड स्वतःच्या आवारातच फुकट पडतंय, दिवसाला ठराविक तास एकसारखा लोड आहे, आणि मशीनजवळ उभा राहणारा एक जबाबदार गडी आहे. तिन्ही पाहिजेत. दोन असून चालत नाही, मी दोनवर सुरू केलं होतं, ते खाली सांगतो.

गॅसच्या सिलिंडरच्या हिशोबानं सांगा, हॉटेलवाल्याला किती लाकूड लागेल?

१९ किलोची व्यापारी टाकी. एलपीजीत किलोला ११,००० च्या आसपास किलोकॅलरी, म्हणजे टाकीत २ लाख ९ हजार. लाकडाच्या ३,५०० नं भागा, ६० किलो येतात. पण गॅसच्या शेगडीची निम्म्याहून जास्त उष्णता भांड्याला लागते, लाकडाच्या साध्या भट्टीची पंचवीस-तीस टक्केच, म्हणून दुप्पट धरा. एका टाकीला १२० किलो सुकं लाकूड. तुमच्या भागात सुक्या फळकुटाचा दर काय आहे तो घालून बघा, आणि त्यात फोडणाऱ्याची मजुरी आणि ठेवायला जागा धरायला विसरू नका. जागा लोक विसरतातच.

ओलं लाकूड चालतंय काय? "पेटल्यावर काय, वाळतंयच की!"

हे वाक्य मला रोज एक तरी माणूस ऐकवतो. पेटतं, खरं आहे, पण काय जळतंय ते बघा. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं पाणी असतं. १ किलो पाण्याची वाफ करायला ६०० च्या वर किलोकॅलरी जातात, आणि मुळात तुम्ही किलोभर लाकूड म्हणून अर्धाच किलो लाकूड घातलेलं असतं. दोन्हीकडून मार. ३,५०० च्या जागी हातात २,००० सुद्धा पडत नाहीत, वर धूर होतो तो वेगळा, चिमणीत काळं डांबर बसतं ते वेगळं.

आता आपल्या भागाची खरी अडचण. जांबोटी-कणकुंबीकडं जून ते सप्टेंबर काय पाऊस असतो ते सांगायला नको, तिथं उघड्यावरचं लाकूड चार महिने वाळत नाही, उलट पाणी पितं. म्हणून लाकडाचं वर्ष दिवाळीपासून मोजायचं. दिवाळीनंतर फोडून रचायचं, मे संपायच्या आत शेडमध्ये. रचताना खाली दोन वासे टाकून जमिनीपासून उचलायचं, उभं-आडवं रचायचं म्हणजे मधून वारं जातं, वर पत्रा, बाजू उघड्या. लोक उलटं करतात, चारी बाजूनं प्लास्टिक गुंडाळतात, आणि आत बुरशी.

मीटर मिळतो ओल मोजायचा, दोन सुया टोचायच्या, आकडा येतो. गॅसिफायरला (लाकडाचा गॅस करायची भट्टी, पुढं सांगतो) २० टक्क्यांच्या आत पाहिजे, ब्रिकेटच्या (भुसा दाबून केलेल्या ठोकळ्यांच्या) मशीनला १०-१२. मीटर नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा, सुकं असलं की टणटण वाजतंय, ओलं असलं की बद्द. आमच्या वखारीतला म्हातारा मिस्त्री फळकुट गालाला लावून सांगतो, थंड लागलं तर ओलं, आणि मी तपासून बघितलंय, मीटरपेक्षा तो फारसा चुकत नाही.

भुश्याची शेगडी कशी भरायची? आजी भरायची, आता कुणाला येत नाही.

हा प्रश्न आला की मला बरं वाटतंय. फुकटच्या भुश्यातून तीन-चार तास एकसारखी आच देणारी इतकी स्वस्त वस्तू दुसरी नाही. तेलाचा चौकोनी डबा घ्या, वरचं झाकण पूर्ण कापा, खाली एका बाजूला दोन इंचाचं भोक पाडा. त्या भोकातून एक गोल दांडकं आडवं आत घाला, डब्याच्या मध्यापर्यंत. मध्यावर, त्या दांडक्याच्या टोकाला टेकवून दुसरं दांडकं उभं धरा, बाटली पण चालते. आता भोवतीनं भुसा घाला आणि थर थर करून ठोका, मुठीनं नाही, लाकडाच्या ठोकळ्यानं, घट्ट. सैल भरला तर मध्येच ढासळणार. गळ्यापर्यंत भरून झालं की उभं दांडकं हळूहळू गोल फिरवत वर काढा, मग आडवं काढा. आत काटकोनात बोगदा तयार झाला. खालच्या भोकातून थोडं रॉकेल लावलेली चिंधी किंवा नारळाची शेंडी पेटवून सरकवा. आग बोगद्याच्या भिंतीला लागते आणि आतून बाहेर खात जाते, मध्ये हात घालावा लागत नाही, फुंकावं लागत नाही. आच कमी करायची तर खालचं भोक खापराच्या तुकड्यानं अर्धं झाकायचं.

दोन गोष्टी सांभाळा. भुसा कोरडा पाहिजे आणि फार बारीक पीठ नको. आणि पेटलेली शेगडी हलवायची नाही, धक्का लागून बोगदा ढासळला तर आधी नुसता पांढरा धूर येतो आणि मग तो धूर एकदम भक्कन पेट घेतो. धूर बघायला वर तोंड नेऊ नका. लहानपणी बघितलंय, कुंद्याचं (आमच्या बेळगावची दुधाची मिठाई) दूध आटवायला ही शेगडी नामी, कारण आच वाढत-कमी होत नाही, ढवळणाऱ्याला फक्त ढवळायचं.

बंब ठेवावा की गिझर?

तुमच्याकडं तांब्याचा बंब असेल तर मोडीत घालू नका एवढंच सांगतो. बंब म्हणजे लहान बॉयलरच आहे, मध्ये जाळाची नळी, भोवती पाणी, वरून गार पाणी ओतलं की तोटीतून गरम पाणी. आग चारी बाजूनं पाण्यानं वेढलेली, म्हणून उघड्या चुलीवरच्या हंड्यापेक्षा कितीतरी कमी लाकडात भागतं. वखारीतली चार फळकुटं आणि मूठभर ढलप्या, घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी. फक्त नळी आठवड्याला एकदा घासायची, काजळीचा थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही आणि मग लोक म्हणतात बंब म्हातारा झाला.

गॅसिफायर म्हणजे नेमकं काय? लाकडाचा गॅस कसा होतो?

लाकूड जाळताना आपण भरपूर हवा देतो. गॅसिफायरमध्ये मुद्दाम कमी हवा देतात, म्हणजे लाकूड पूर्ण जळत नाही, अर्धवट जळतं आणि जळण्याजोगा गॅस बाहेर पडतो. उभी टाकी असते, वरून लाकडाचे तुकडे घालायचे, सुपारीपेक्षा मोठे, मुठीपेक्षा लहान. वर ते वाळतात, थोडं खाली गेल्यावर तापून त्यांचा धूर आणि कोळसा वेगळा होतो, त्याच्या खाली हवेच्या नळ्या असतात तिथं १,१०० डिग्रीच्या आसपास जाळ, आणि सगळ्यात खाली लालभडक कोळश्याचा थर. धुराला त्या जाळातून आणि कोळश्यातून खालीच जावं लागतं, तिथं त्यातलं डांबर फुटतं आणि कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन आणि थोडा मिथेन तयार होतो. मग गॅस थंड करायचा, गाळायचा आणि इंजिनला द्यायचा.

नवीन काही नाही हे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा युरोपात आणि आपल्याकडंही मोटारी असल्याच गॅसवर चालल्या, मागं भट्टी लावून. जुनी माणसं "कोळश्याची मोटार" म्हणतात ती हीच. आणि आपल्याच राज्यात बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं ह्यावर मोठं काम केलंय, १९७४ साली अमूल्य रेड्डींनी तिथं खेड्यांसाठीच्या तंत्रज्ञानाचं 'अस्त्र' केंद्र सुरू केलं, आणि १९८८ साली तुमकूर जिल्ह्यातल्या होसहळ्ळीत जेमतेम पावणेचार किलोवॅटचा गॅसिफायर बसवला. आधी दिवे, मग पिण्याच्या पाण्याचा पंप, मग पिठाची गिरण. पुढं त्याच जिल्ह्यात कब्बिगेरेला ५०० किलोवॅटचं केंद्र झालं. म्हणजे जमतंय, पण तिथंही मागं माणसं होती, नुसतं मशीन नव्हतं.

हा गॅस गोबर गॅससारखाच काय? टाकीत भरून ठेवता येईल?

नाही आणि नाही. गोबर गॅसमध्ये मिथेन असतो, त्याची ताकद घनमीटरला साडेचार-पाच हजार किलोकॅलरी. लाकडाच्या गॅसची १,००० ते १,२००, कारण आपण हवा देतो आणि हवेतला नायट्रोजन तसाच्या तसा गॅसमध्ये उतरतो, जवळजवळ निम्मा गॅस नुसता नायट्रोजन. तो दाबून टाकीत भरायचा म्हणजे पैसे देऊन हवा साठवायची. हा गॅस करायचा आणि लगेच वापरायचा, ताज्या भाकरीसारखा.

किती लाकडात किती वीज? माझी सॉमिल माझ्याच भुश्यावर चालेल काय?

१ युनिटला सव्वा ते दीड किलो सुकं लाकूड. १५ एचपीची मोटर म्हणजे ११ किलोवॅट, पण बँडसॉ दिवसभर पूर्ण लोडवर नसतो, सरासरी ८ किलोवॅट धरा, ८ तास चालला तर ६४ युनिट, म्हणजे दिवसाला ८५-९० किलो लाकूड. एवढी फळकुटं दिवसाला पडतात, त्याची अडचण नाही.

अडचण दुसरी आहे. ओंडका ब्लेडमध्ये शिरला की मोटर एकदम जोर मागते, फळी सुटली की एकदम काहीच मागत नाही. गॅसिफायरला असं चालत नाही, त्याला एकसारखं ओढणारं इंजिन पाहिजे, ओढ कमी झाली की जाळ थंड पडतो आणि डांबर यायला लागतं. शिवाय मोटर सुरू होताना जो करंट घेते त्याला पुरेल एवढा जनरेटर घ्यायचा तर ११ किलोवॅटच्या मोटरला निदान दुपटीचा लागतो. म्हणून सॉमिलपेक्षा पाण्याचा पंप, पिठाची गिरण, कोल्ड रूम, वडगाव-खासबागकडचे माग, असा एकसारखा लोड बरा.

आणि भुसा? तो थेट घालता येत नाही?

वरच्या असल्या टाकीत नाही. भुसा घातला की हवा जायला फटी राहत नाहीत, गुदमरतंय. भुश्याचं ब्रिकेट करावं लागतं, ज्याला बाजारात पांढरा कोळसा म्हणतात. मशीन भुसा इतक्या दाबानं ठोकतं की तो तापतो आणि लाकडातलाच लिग्निन नावाचा चिकट भाग गोंदाचं काम करतो, वेगळा डिंक लागत नाही. मशीन महाग, वीज खातं, आणि भुसा सुकवण्याचं यंत्र नसेल तर पावसाळ्यात बंद. एकट्या वखारीला परवडत नाही, पाच-सहा जणांनी मिळून केलं तर गोष्ट वेगळी, पण पाच-सहा वखारवाले एका टेबलाला बसवणं हे मशीनपेक्षा अवघड काम आहे. आणि त्याआधी हे बघा की भुश्याला गिऱ्हाईक कोण आहे. पोल्ट्रीवाले कोंबड्यांच्या खाली अंथरायला नेतात आणि रोख देतात. रोख देणारा असताना जाळायचं कशाला.

तुमचा गॅसिफायर बंद पडलाय म्हणे. काय झालं?

खरं आहे. लपवून काय करू. १० किलोवॅटचा सेट जुना घेतला, कंपनीचं नाव घेत नाही. त्यांचा माणूस आला, जानेवारीत चालू करून दाखवला, मस्त चालला, फोटो काढले, चहा पिऊन गेला. मी समजलो झालं. मे पर्यंत एक तक्रार नाही.

जुलैत शेडच्या कडेची फळकुटं भिजली होती ती पोरानं घातली, कारण सुकी मागं होती आणि पुढची काढल्याशिवाय मागं जाता येत नव्हतं. मी त्या दिवशी गावात नव्हतो. गॅसला पिवळट धूर होता म्हणे, इंजिन अडखळत होतं, पण लोड कमी करून चालवलंच. दोन दिवसांनी इंजिन थंड झाल्यावर सुरूच होईना. हेड उघडलं तर इनटेक व्हॉल्व्ह डांबरानं चिकटून बसलेले, कढईत आटलेल्या काकवीसारखं, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून निघेना. गाळणीतला भुसा काढला तर तो चिंब काळा, म्हणजे गाळणी कितीतरी आधी भरली होती आणि कुणी उघडून बघितलं नव्हतं. कंपनीला फोन केले, उद्या येतो, परवा येतो. शेवटी उद्यमबागच्या एका मेकॅनिकनं दुरुस्त केलं, त्यानं पैसे घेतले ते घेतले, शिव्या पण दिल्या.

चूक माझीच. ओल मोजली नाही, गाळणी वेळेवर बदलली नाही, आणि पोराला हे कधी सांगितलंच नव्हतं की गॅस खराब झाला की इंजिन बंद करायचं, लोड कमी करायचा नाही. आता नियम केलाय, इंजिनला द्यायच्या आधी गॅस बाहेरच्या बर्नरवर पेटवून बघायचा. जाळ स्थिर आणि उन्हात दिसेल न दिसेल असा निळसर असला तरच पुढं. आणि पांढरा सुती रुमाल थोडा वेळ गॅससमोर धरायचा, पिवळा डाग पडला तर त्या दिवशी हेस्कॉम (आमच्याकडची सरकारी वीज कंपनी) जिंदाबाद.

माझ्याकडचं जुनं डिझेल इंजिन चालेल?

चालेल, दोन प्रकारे. डिझेल तसंच ठेवून हवेच्या वाटेनं गॅस सोडायचा, साठ-सत्तर टक्के डिझेल वाचतं, गॅस बिघडला तर इंजिन परत डिझेलवर येतं, नवख्याला हेच बरं. किंवा स्पार्क प्लग बसवून पूर्ण गॅसवर, मग डिझेल शून्य पण ताकद तीसेक टक्क्यांनी पडते. लोकांना वाटतं तेच इंजिन तेवढंच ओढणार, आणि मग पंपाला पाणी चढत नाही म्हणून गॅसला दोष देतात.

प्लायवूड, रंगवलेली दारं, सनमायका, हे जाळलं तर?

स्वयंपाकाला, बंबाला, शेगडीला, अजिबात नाही. प्लायवूड-एमडीएफमध्ये फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं, आणि काही हिरवट लाकडांना वाळवी लागू नये म्हणून तांबं-क्रोम-आर्सेनिकचं औषध पाजलेलं असतं, त्याचा धूर वाईट आणि राख तर त्याहून वाईट. परदेशातून आलेल्या पॅकिंगच्या लाकडावर शिक्का असतो तो वाचा. 'एचटी' असेल तर नुसतं तापवून कीड मारलेलं, ते चालतं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते बाजूला टाका.

साखर कारखाने बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) वीज करूलालेत, मग आपण का नाही?

संकेश्वर-चिकोडी-अथणी पट्ट्यातलं कुणी ना कुणी हे विचारतंयच. कारखान्याचं गणित वेगळं. १ टन ऊस गाळला की पावणेतीनशे-तीनशे किलो चिपाड त्याच आवारात, वाहतूक शून्य. त्यांना रस आटवायला वाफ लागतेच, म्हणून ते आधी मोठ्या दाबाची वाफ करून टर्बाइन फिरवतात आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेवर रस आटवतात, एकाच आगीची दोन कामं. आपण चार-पाच किलोवॅटसाठी वाफेचं इंजिन लावलं तर हातात दहा टक्के पण येत नाहीत. आणि बॉयलर म्हटला की कायदा आला, २५ लिटरपेक्षा मोठ्या, दाबावर चालणाऱ्या बॉयलरला नोंदणी आणि तपासणी लागते, १९२३ चा कायदा होता, त्या जागी २०२५ मध्ये नवा आलाय. ड्रमला वेल्डिंग करून वाफ दाबून धरायचे उद्योग कुणी करत असेल तर त्याच्या शेजारी उभं राहू नका.

त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट मात्र तीच, एका आगीची दोन कामं. इंजिनाचा सायलेन्सर पाण्याच्या टाकीतून फिरवलात, निघणाऱ्या गरम हवेवर पुढच्या आठवड्याचं लाकूड वाळवलंत, तर वाया जाणाऱ्यातलं बरंच परत येतं. माझ्या सेटला दुरुस्तीनंतर हेच केलंय, लाकूड वाळवायची खोली सायलेन्सरच्या गरमीवर.

उरलेली वीज हेस्कॉमला विकता येईल?

छतावरच्या सोलरसारखं सोपं नाही, करार, मीटर, सुरक्षेची उपकरणं, हे १० किलोवॅटवाल्याचं काम नव्हे. स्वतःपुरती करा. आणि एक, लाईन गेली असताना जनरेटर चालवणार असाल तर चेंजओव्हर स्विच पाहिजेच, नाहीतर तुमची वीज उलटी खांबावर जाते आणि लाईन दुरुस्त करायला चढलेल्या माणसाच्या हाताला लागते.

ह्यापेक्षा सोलर बरं नाही का?

दिवसा फक्त दिवे-पंखे-पंप चालवायचा असेल तर हो, सोलर घ्या, त्याला सकाळी साडेसहाला उठून कोळसा हलवावा लागत नाही. पण सोलरवर दूध आटत नाही, आणि जुलैत जांबोटीला ऊन मागायला कुणाकडं जाणार.

मग जंगलातलं लाकूड आणलं तर?

आणू नका. खानापूर तालुक्यात २०११ पासून भीमगड अभयारण्य आहे, पडलेली फांदीसुद्धा तुमची नाही. स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे, कुठल्या झाडाला परवानगी लागते आणि वाहतुकीला पास लागतो काय ते आधी वनखात्यात विचारून घ्या. माझं म्हणणं असंय की जळणासाठी झाड पाडायची वेळ आली तर तो धंदाच चुकलाय. बांधावर ग्लिरिसिडिया लावा, वर्षाला छाटा, परत फुटतो, पाला खताला आणि काडी भट्टीला.

धोका काय काय आहे?

आगीचा सगळ्यांना माहिती असतो, गॅसचा नसतो. लाकडाच्या गॅसमध्ये पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. गॅसिफायर बंद खोलीत कधीच नाही, चारी बाजू उघडी शेड. बंद केल्यावरही आत कोळसा धुमसत असतो, लगेच झाकण उघडून डोकावू नका. थंडीत बंद खोलीत शेगडी घेऊन झोपणं हाच प्रकार.

दुसरं, भुश्याचा ढीग. ओला भुसा उंच रचून ठेवला की आतून तापतो, हात घालून बघा, कढत लागतंय. कधी कधी आपोआप धुमसतो. आणि हवेत उडणारी बारीक धूळ ठिणगीला भडकते, म्हणून मशीनजवळ बिडी नाही. निपाणीची असली तरी नाही.

राखेचं काय करायचं?

वखारीतल्या स्वच्छ लाकडाची राख असेल तर बायका भांड्याला नेतात, बाकीची शेतात. आपल्याकडची तांबडी जांभ्याची माती आंबट असते, तिला राख मानवते, पोटॅश मिळतं, पण गुंठ्याला घमेलं-दोन घमेली, ढीग नाही, आणि युरियाबरोबर मिसळून नाही. टाकायच्या आधी राख दोन दिवस लोखंडी डब्यात ठेवा, वरून गार दिसते आणि आत निखारा असतो, आमचा एक गोणपाटाचा ढीग असाच गेला. जुन्या वाश्यांची आणि पॅकिंगची राख असेल तर त्यात खिळे असतात. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून राखेतून दोन-तीनदा फिरवा. मी मागच्या वर्षी डबाभर खिळे काढले, भंगारवाल्यानं वजन करून घेतले.